मी खोडलेलं सर्किट

जुन्या पुस्तकांच्या धंद्यात मळलेलं, कोणी काहीबाही लिहून ठेवलेलं पुस्तक स्वस्त जातं. कादंबरी असो की बारावीचं गाईड, नियम एकच. इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकांना मात्र तो लागू नाही. हे समजायला मला चार वर्षं लागली आणि तेवढ्यात मी जे नुकसान करून ठेवलं, त्यातलं एक गेल्या वर्षी दुकानाच्या दारात येऊन उभं राहिलं. ते निभावलं, म्हणून हा लेख लिहिते आहे. निभावलं नसतं तर गप्प बसले असते, हेही आधीच सांगून टाकते.

आमचं दुकान डोंबिवली पूर्वेला. पाटीवर अजून 'रद्दी डेपो' असंच आहे, कारण ते मुळात तेच होतं आणि अर्ध्या भागात आजही तेच आहे. तो भाग माझा नवरा प्रकाश बघतो. मी ज्या कंपनीत स्टोअर्सला होते ती बंद पडली, तेव्हा घरी बसून काय करायचं म्हणून मी दुकानात जायला लागले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की वजनावर आलेली काही पुस्तकं वजनावर जायला नकोत. स्टोअर्सची सवय, कुठली वस्तू कुठल्या खणात जाते हे ठरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. सहा महिन्यांत दुकानाची उजवी बाजू माझी झाली, आणि तिथल्या सगळ्यात जास्त हलणाऱ्या दोन फळ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या.

ही पुस्तकं आमच्याच भागात एवढी का येतात, याला कारण आहे. अंबरनाथ-कल्याणपासून ठाण्यापर्यंत राहणारी कितीतरी माणसं टेलिफोन खात्यात, रेल्वेच्या सिग्नलकडे, रेडिओ-टीव्हीच्या कारखान्यांत होती. दिवसभर तेच काम करून ती घरी येऊन पुन्हा तेच करत. जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर सोल्डरिंगची कांडी, डब्यात सुटे भाग आणि बायकोची रोजची बडबड. आता ती माणसं रिटायर झाली. बिल्डिंगी पाडून नव्या बांधायला गेल्या. भाड्याच्या तात्पुरत्या घरात पुस्तकांना जागा नसते. मग आम्हाला फोन येतो, "ताई, बाबांची पुस्तकं आहेत, घरात कोणी वाचत नाही, घेऊन जाल का?"

ज्यांचा या प्रांताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. रेडिओ, जुना टीव्ही, चार्जर, काहीही उघडलंत तर आत पट्टीवर काळे किडे बसलेले दिसतात. काहींना तीन पाय, काहींना चौदा, सोळा. पाठीवर बारीक अक्षरांत नंबर. हे आयसी आणि ट्रान्झिस्टर. तो नंबर ज्या जाडजूड पुस्तकात शोधायचा ते डेटा बुक. कुठल्या पायाला काय जोडायचं, किती व्होल्ट सोसतो, किती तापतो, आणि हा बाजारात मिळत नसेल तर त्याच्या जागी दुसरा कोणता चालेल, हे सगळं त्यात असतं. डॉक्टरांना जसं औषधांचं पुस्तक, तसं या मंडळींना हे.

"आता सगळं नेटवर मिळतं की," असं मला दर आठवड्याला कोणीतरी ऐकवतं. बरंचसं मिळतं. पण जी कंपनीच उरली नाही तिचे कागद कोण चढवणार? आणि जे चढवलेले असतात त्यात नेमकं हवं ते पान तिरकं स्कॅन झालेलं असतं. शिवाय एका हातात गरम कांडी आणि दुसऱ्या हातात चिमटा असताना मोबाईलचा पडदा विझतो. पुस्तक विझत नाही. दगड ठेवला की उघडं राहतं.

या फळ्यांवर येणारी गिऱ्हाइकंही वेगळी. कादंबरीचं गिऱ्हाईक चाळतं, पाठचा मजकूर वाचतं, विचार करून येतो म्हणतं. हे लोक थेट शेवटची पानं उघडतात. एक गृहस्थ दिव्याहून येत. घरी सहा माणसं आणि दीड खोली, त्यामुळे ते पुस्तक विकत घेत नसत, महिन्यातून एकदा येऊन उभ्याने वाचत आणि वहीत उतरवून घेत. शेवटी मी त्यांना स्टूल दिलं. दुसऱ्या एकाने एकच पुस्तक माझ्याकडून तीनदा नेलं, कारण दर वेळी बायको ते मलाच परत विकून टाकायची. चौथ्यांदा तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडेच राहू दे. मी येऊन भेटत जाईन." आजही ते वरच्या फळीवर त्याचं नाव लावून ठेवलेलं आहे. बाईंना मी सांगितलेलं नाही.

आता माझ्या चुकीकडे येते. पुस्तकं आली की मी दुपारी गिऱ्हाईक नसताना ती साफ करायला बसायची. धूळ झटकायची, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, आणि खोडरबर घेऊन पेन्सिलीचं लिखाण पुसायचं. डेटा बुकांत असं लिखाण फार. समासात आकडे, बाण, काट मारलेले छापील आकडे आणि शेजारी दुसरेच. मागच्या कोऱ्या पानांवर तर अख्खी सर्किटं काढलेली. मला तो अस्वच्छपणा वाटायचा. इतकं मन लावून खोडायची, की प्रकाश म्हणायचा, "अगं, छापलेलं तरी राहू दे."

एका दिवाळीच्या आधी कल्याणचा एक मेकॅनिक एक पुस्तक बाजूला ठेवायला सांगून गेला. आठवड्याने न्यायला येणार होता. मी म्हटलं, एवढं आवडलंय तर नीट करून द्यावं. त्याने येऊन पुस्तक उघडलं, उलटसुलट केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, यातलं पुस्तक कुठे गेलं?"

"म्हणजे? हेच की ते."

"छापलेलं माझ्याकडे दोन आहेत. ज्याचं हे पुस्तक होतं त्याने वीस वर्षं काम करून बाजूला लिहिलेलं, कुठला भाग खरंच चालतो आणि कुठला नुसता पुस्तकात चालतो. ते हवं होतं मला."

तो चिडला नाही. पुस्तक परत फळीवर ठेवून निघून गेला, तेच मला जास्त लागलं. त्या दिवशी मी खोडरबर मुलीच्या कंपासपेटीत टाकला आणि पुन्हा पुस्तकाला लावला नाही. पण आधीच्या चार वर्षांत किती पुस्तकं पुसली गेली याचा हिशेब माझ्याकडे नाही.

आता गावडेकाका. पूर्ण नाव शशिकांत गावडे. कल्याणला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद केल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून घरीच काहीतरी जुळवत बसायचे. मी त्यांना आधी ओळखत नव्हते. मी घेतली होती ती त्यांची पुस्तकं, दोन खोके, त्यांच्या सुनेकडून. गेल्या वर्षी एका गुरुवारी सकाळी सून मनीषा त्यांना घेऊन दुकानात आली. उंच, काटक माणूस, गळ्याला पातळ रुमाल गुंडाळलेला, काखेत लहान मुलांची पाटी. खडू-पेन्सिलीची, खरीखुरी.

मनीषा बोलू लागली. सासऱ्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि त्यात स्वरयंत्र काढावं लागलं होतं. अशा माणसांसाठी एक यंत्र मिळतं. टॉर्चसारखं दिसतं, गळ्याला बाहेरून टेकवून बटण दाबलं की घूं करून थरथरतं, आणि त्या थरथरीवर ओठ-जीभ हलवून बोलता येतं. गावडेकाकांनी ते विकत घेतलं नव्हतं. ऑपरेशनची तारीख ठरल्यावर, हातात दीड महिना होता तेवढ्यात, त्यांनी ते घरी बनवलं होतं.

"आवाज जायच्या आधीच आवाज करून ठेवला बाबांनी," मनीषा म्हणाली. "रोज स्वतः बोलायचे आणि मग त्या यंत्राचा सूर त्याच्याशी लावून बघायचे. अगदी त्यांच्यासारखा लागेपर्यंत."

अडीच वर्षं ते यंत्र चाललं. आठ दिवसांपूर्वी बंद पडलं.

"मग दुसरं मागवायचं," मी म्हटलं. मला हे सोपं वाटलं.

"मागवलंय. यायला तीन आठवडे. पण तोवर अण्णांचं काय करायचं?"

अण्णा म्हणजे गावडेकाकांचे मोठे भाऊ. कुडाळजवळच्या गावी एकटे राहतात, शेजारची बाई डबा देते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. दोघे भाऊ रोज सकाळी फोनवर बोलायचे. आता आठ दिवस फोन यायचा आणि गावडेकाकांना नुसतं ऐकत बसावं लागायचं. चिठ्ठी लिहावी तर अण्णांना दिसत नाही. गावडेकाकांच्या मुलाने सांगून पाहिलं, यंत्र बिघडलंय. अण्णांचं म्हणणं एकच, तो गेलाय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय. मग त्यांनी डबा परत पाठवायला सुरुवात केली, आणि बुधवारी निरोप आला, की शनिवारच्या गाडीने मी डोंबिवलीला येतो. एकटे. आंधळा माणूस, ऐंशीच्या पुढचा.

गावडेकाकांनी खिशातून यंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं. पुढची थरथरणारी चकती स्क्रूने निघत होती, ती शाबूत होती. मागचा भाग मात्र एका पिवळट ठोकळ्यात गोठवलेला. घाम लागू नये म्हणून त्यांनी सगळ्या सर्किटवर इपॉक्सी, तो दगडासारखा घट्ट होणारा डिंक, ओतली होती. एका बाजूने ती कोरून काढलेली दिसत होती. आतले दोन आयसी उघडे पडले होते. पाठी कोऱ्या. नंबर नाही.

हे मला माहीत होतं, कारण दुरुस्तीवाल्यांची ही जुनी खोड आहे. स्वतः काही बनवलं की आयसीच्या पाठीवरचे नंबर कानशीने घासून टाकायचे. म्हणजे शेजारच्या दुकानवाल्याने उघडून पाहिलं तरी त्याला नक्कल करता येऊ नये.

"काका, हे तुमच्या गळ्याला लावायचं होतं ना? मग नंबर कोणापासून लपवलेत?"

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'सवय.' मग पुसून, 'तीस वर्षांची.'

"आणि आता तुम्हाला आठवत नाही."

त्यांनी मान हलवली. ऑपरेशन, भूल, नंतरचे किरणांचे शेक, त्यात तो दीड महिना धुऊन गेला होता. दुसरं सर्किट त्यांनी जुळवलंही असतं. पण सूर कशाशी ताडून बघणार? मूळ आवाज आता नव्हता. अण्णांना चकवून चालणार नव्हतं, कारण त्यांच्याकडे ओळखायला कान तेवढे उरले होते. आणि शेवटी जमलेलं सर्किट, सगळ्या आकड्यांसकट, एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. लाल पुठ्ठ्याच्या डेटा बुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर. पेन्सिलीने.

"बाबा हॉस्पिटलात होते. बिल्डिंग रिकामी करायची होती. तेच म्हणालेले, घर हलकं करा," मनीषा म्हणाली आणि माझ्याऐवजी पुस्तकांच्या फळीकडे बघत राहिली.

लाल पुठ्ठा म्हटल्यावर मी विचारलं, "पाठीला काळी टेप चिकटवलेली? वायरची?"

गावडेकाका एकदम पुढे झाले.

ते पुस्तक मला आठवत होतं, कारण ते नेणारा माणूस आठवत होता. ठाण्याचे प्रधान, बँकेतून रिटायर झालेले. त्यांना नव्यानेच हा नाद लागला होता आणि प्रत्येक पुस्तकाला ते खाकी कव्हर घालत. ती काळी टेप काढून द्या म्हणून त्यांनी माझ्याशी वाद घातला होता. मी तिथेच फोन लावला.

"आहे माझ्याकडे," प्रधान म्हणाले. "पण परत मिळणार नाही, आधीच सांगतो."

"परत नकोय. बघायचंय. आत्ता येतो."

"आत्ता? एक ते चार मी झोपतो."

"आज नका झोपू," मी म्हटलं.

प्रकाशने टेम्पो काढला. पुढे प्रकाश, गावडेकाका आणि मी. मनीषाला शाळेतून मुलाला आणायचं होतं म्हणून ती घरी गेली. शीळ फाट्याला नेहमीप्रमाणे सगळं थांबलेलं, त्यामुळे विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला, आणि तो मिळाला नसता तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. ते खोके माझ्याकडे आले ते मी खोडणं थांबवण्याआधी की नंतर? वर्ष तेच होतं. महिना आठवत नव्हता. मी मनीषाला फोन केला.

"तुम्ही घर कधी सोडलंत गं त्या वर्षी?"

"गणपती विसर्जन झालं आणि दोन दिवसांत. नंतर पितृपक्ष लागत होता ना, त्यात कोणी सामान हलवू देईना. म्हणून तर एवढी घाई झाली."

मी फोन ठेवला. पितृपक्षाआधी म्हणजे दिवाळीच्या दीड महिना आधी. तो कल्याणचा मेकॅनिक आला नव्हता अजून. खोडरबर माझ्या हातातच होता.

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. हळूच म्हणाला, "तिकडे पोचल्यावर बघू." पण शेजारी बसलेल्या माणसाला ठाण्यापर्यंत आशेवर न्यायचं आणि मग कोरं पान दाखवायचं, हे मला जमेना. मी सांगून टाकलं. मी पुस्तकं साफ करायची, तुमचंही केलं असणार, पान बहुतेक कोरं असेल. एका दमात बोलले आणि समोरच्या ट्रकचा नंबर वाचत राहिले.

गावडेकाकांनी पाटी मांडीवर घेतली. मग लिहिलं, 'वहिनी, मी नंबर घासले, तुम्ही पान. जोडी जमली.'

प्रकाश हसला. मला हसू आलं नाही.

प्रधानांचं घर नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. दारातच त्यांनी चपला कुठे काढायच्या ते दाखवलं. पुस्तक टेबलावर काढून ठेवलेलं, खाकी कव्हरात, वर सुवाच्य अक्षरात नाव. गावडेकाकांनी ते उघडलं आणि थेट मागे गेले. पान कोरं होतं. कागदावर रबर घासल्यावर जी लव उठते ती दिसत होती. मी ते काम व्यवस्थितच केलं होतं.

ते खुर्चीवर बसले. पाटी काखेतून काढलीही नाही.

"काय होतं त्या पानावर?" प्रधानांनी विचारलं.

"सर्किट होतं. यांचं. मी खोडलं."

"म्हणजे ते यांचं?" प्रधान चष्मा वर करून गावडेकाकांकडे बघायला लागले. "अहो, त्या पानाने माझी सहा महिने झोप उडवली. तुम्ही पेन्सिल किती दाबून चालवता? कागदाला चर पडलेत नुसते. बघा."

त्यांनी टेबलावरचा दिवा आडवा करून पानाच्या कडेला धरला. तिरक्या उजेडात रेघा वर आल्या. बारीक खाचा, चौकोन, आकडे, टोकाला बाण. मी वाकून पाहिलं. शिसं गेलं होतं, दाब राहिला होता.

प्रधान आता थांबणार नव्हते. दोन वर्षं त्यांना हे ऐकवायला कोणी मिळालं नसावं. त्यांनी कपाटातून बटरपेपर आणला. त्यावर सगळं सर्किट शाईने उतरवलेलं. एकेक खाच दिव्याखाली बघून. "आणि नुसतं उतरवून कसं चालेल? मग मी बनवलंही. पण कळेना हे आहे काय. चालू केलं की नुसतं गुरगुरतं. मला वाटलं, दाराची बेल असावी."

"ही बेल लावलीत तर घरात परत कोणी येणार नाही, असं मी तेव्हाच सांगितलं," स्वयंपाकघरातून प्रधानवहिनी म्हणाल्या.

"कुठे आहे ते?" मी विचारलं.

बुटाच्या खोक्यात होतं. हाताएवढी पट्टी, वर भाग नीट ओळीत बसवलेले, बँकेतल्या माणसाने बसवावेत तसे. गावडेकाकांनी पट्टी उजेडात धरली. आयसींच्या पाठीवरचे नंबर वाचले. मग डोळे मिटून घेतले आणि उघडले. खिशातून आपल्या यंत्राची चकती काढली, प्रधानांपुढे धरली आणि बोटाने दोन वायरी दाखवल्या. प्रधानांना आता कळलं होतं. त्यांनी चिमट्यांनी वायरी जोडल्या, बॅटरी लावली. चकती घूं करायला लागली. गावडेकाकांनी रुमाल सोडला आणि ती गळ्याला टेकवली.

आवाज निघाला, पण शाळेतल्या मुलीसारखा चिरका. "पाचवा. रेझिस्टर. चुकलाय."

आठ दिवसांनी तोंडातून निघालेले हे पहिले शब्द. प्रकाश खोकण्याचं निमित्त करून खिडकीकडे वळला. प्रधान मात्र रागावले.

"चुकणार नाही. मी भिंगातून तीनदा वाचलाय."

गावडेकाकांनी पान पुन्हा दिव्याखाली धरलं. पाचव्या रेझिस्टरच्या जागी दोन आकड्यांच्या खाचा एकावर एक होत्या. आधी एक लिहिलेला, मग तो रद्द करून त्यावर दुसरा. शिसं असतं तर काट दिसली असती. प्रधानांनी खालचा घेतला होता. वरचा पाहिल्यावर त्यांनी खण उघडला, लेबल लावलेल्या डब्यांतून एक रेझिस्टर काढला आणि कांडी तापायला ठेवली. पाच मिनिटं लागली असतील. त्या पाच मिनिटांत प्रधानवहिनींनी सगळ्यांना चहा दिला आणि कोणी घेतला नाही.

या वेळी घूं खाली उतरला. जाडसर, थोडा ओढलेला. मी गावडेकाकांचा आवाज कधी ऐकला नव्हता, त्यामुळे बरोबर की चूक हे मला सांगता येत नव्हतं. तिथे कोणालाच येत नव्हतं. प्रधानांना तर नाहीच. गावडेकाकांनी मोबाईल काढून टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि नंबर लावला.

पलीकडे बराच वेळ वाजलं. मग एक थकलेला आवाज. "कोण?"

"अण्णा," गावडेकाका म्हणाले.

पंख्याचा आवाज येत होता, आमच्याकडचा की त्यांच्याकडचा कळेना. मी टेबलाची कड धरून उभी होते.

"शशी?"

"होय."

"आठ दिस खंय होतंस रे?"

"दुकान बंद होता."

अण्णांनी एक शिवी दिली, ती इथे छापता येणार नाही. मग शेजारच्या बाईला हाक मारून डबा आणायला सांगितलं, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. प्रधानवहिनींनी गार झालेला चहा उचलून आत नेला आणि पुन्हा गरम करून आणला. तो मात्र आम्ही सगळ्यांनी घेतला.

परत येताना प्रकाशने विचारलं, "बरं वाटतंय ना आता?" मी म्हटलं, फाट्याला गर्दी असेल, पलीकडच्या रस्त्याने घे. बरं वाटत होतंच. पण दाब देऊन लिहिणारे सगळेच नसतात. हलक्या हाताने लिहिणाऱ्यांची पुस्तकंही मी पुसली आहेत, आणि ती कुठल्या दिव्याखाली धरून परत येणार नाहीत. हे माझं मला माहीत आहे.

गावडेकाकांनी नंतर नवं यंत्र बनवलं. प्रधान आणि ते दोघे मिळून, प्रधानांच्या टेबलावर. या वेळी नंबर घासले नाहीत. बाहेरून मागवलेलं यंत्र तीन आठवड्यांनी आलं, ते जादाचं म्हणून कपाटात आहे. अण्णांना तो आवाज पसंत नाही. सर्किटची एक प्रत माझ्या दुकानात टेबलाच्या काचेखाली असते, कोणी विचारलं तर मी मोबाईलवर फोटो काढू देते.

लाल पुस्तक प्रधानांनी शेवटपर्यंत दिलं नाही, आणि गावडेकाकांनीही मागितलं नाही. फक्त मागच्या पानावर, जुन्या खाचांवरूनच, त्यांनी बॉलपेनाने सगळं सर्किट पुन्हा काढलं. पाचव्या रेझिस्टरभोवती गोल केला. खाली सही, आणि सहीखाली ठळक अक्षरांत एक ओळ: 'वहिनींनी खोडू नये.'